गेटवरचं टेबल आता उचला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये आमच्या डोंबिवलीच्याच एका वाचकाचं पत्र आलं होतं, की हल्ली पेपरवाले आळशी झालेत, पूर्वी पेपर दारात यायचा, आता खाली गेटवर टाकून पळतात आणि वर महिन्याचे डिलिव्हरीचे पैसे पण मागतात. पत्र मी पहाटे पावणेपाचला वाचलं, पेपरचे गठ्ठे उतरतात त्या डेपोवर बसून पुरवण्या घालता घालता, आणि मग तोच अंक सायकलला लावून सगळ्या लाइनवर टाकून आलो. म्हणजे माझ्याबद्दलची तक्रार मीच घरोघरी पोचवली. घरोघरी कसली, गेटोगेटी.

मी पेपरवाला, 1998 पासून डोंबिवली पूर्वेला लाइन टाकतो, म्हणजे ठरलेल्या घरांना रोज पेपर पोचवतो. शिक्षण बारावी, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील त्या तुमच्या माणसांनी दुरुस्त कराव्यात. रागावून लिहित नाहीये. त्या वाचकांचं निम्मं बरोबर आहे, पेपर गेटवर राहतो हे खरंच आहे. पण तो गेटवर का राहतो आणि कधीपासून राहतो हे त्यांना आठवत नाहीये असं दिसतं, आणि पाच वर्षांत लोक विसरले ते फक्त हेच नाही.

22 मार्च 2020 ला रविवार होता, जनता कर्फ्यू. त्या दिवशी सकाळी पेपर टाकले होते मी, रस्त्यावर कुत्रं पण नव्हतं, रविवारचा जाड पेपर आणि गॅलरीत सगळे उभे. संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या, आमच्या शेजारच्या वहिनींनी स्टीलची परात लाटण्याने अशी बडवली की तिला पोचा पडला तो अजून आहे. रात्री लोकल बंद झाल्या. सोमवारी पहाटे मी नेहमीसारखा डेपोवर गेलो तर पेपरची गाडीच नाही. आम्ही आठ-दहा जण चहाच्या बंद टपरीसमोर उभे, एकमेकांपासून लांब लांब, आणि कोणाला फोन करावा तेच कळेना. वर्षात चार-पाच सुट्ट्या असतात पेपरला, त्या आधी माहीत असतात. न सांगता गाडी आली नाही असं मी 2005 च्या 26 जुलैच्या पावसात सुद्धा बघितलं नव्हतं, तेव्हा उशिरा का होईना गठ्ठे आले होते, भिजलेले.

बुधवारी पाडवा. ज्या फडके रोडवरून स्वागतयात्रेची पद्धत महाराष्ट्रभर गेली त्या फडके रोडवर पाडव्याच्या सकाळी मी एकटा सायकल घेऊन उभा होतो, किराणा आणायला म्हणून निघालो होतो, पोलिसाने लांबूनच काठीने खूण केली की घरी जा. आदल्या रात्री आठला पंतप्रधानांनी एकवीस दिवस म्हणून सांगितलं होतं. आम्ही एकवीस दिवसांचा हिशोब करून तांदूळ-डाळ भरली. हसू येतं आता.

आमचं घर म्हणजे एक खोली नि किचन, चौघं जण. मोठ्याची तेव्हा दहावी, सोमवारी 23 तारखेला भूगोलाचा पेपर होता तो आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच केला, इतर विषयांच्या सरासरीने मार्क दिले. त्याचा भूगोल कच्चा. आजही तो म्हणतो बाबा मला भूगोलात कधी नव्हे ते मार्क कोरोनाने दिले. धाकटीची शाळा मोबाईलवर, आणि मोबाईल एकच, तो माझा, त्यावर मला गिऱ्हाइकांचे फोन यायचे की पेपर कधी सुरू होणार, आणि मधेच तिच्या बाई दिसायला लागायच्या. बायको शिवणकाम करते, तिने जुन्या सुती साड्यांचे मास्क शिवले, पहिले शंभर एका मेडिकलवाल्याने उचलले, नंतर सगळ्या गल्लीतच सगळ्या बायका मास्क शिवायला लागल्या. दूरदर्शनवर रामायण लागायचं तेव्हा चाळीतल्या सगळ्या घरांतून एकच आवाज, एकाच वेळी, मी पहाटे तीनला उठणारा माणूस, दुपारी झोप लागेना आणि पहाटे तीनला आपोआप जाग यायची आणि करायला काही नाही. अंधारात बसून राहायचो. बायको म्हणायची झोपा हो, गाडी येणार नाहीये.

एप्रिलमध्ये सरकारने सांगितलं 20 तारखेपासून छापायला परवानगी, स्टॉलवर विकायला परवानगी, पण घरोघरी टाकायला बंदी. लगेच दोन-तीन दिवसात बाकीच्या महाराष्ट्राला त्यातून सूट दिली पण मुंबई आणि आजूबाजूचा पट्टा, पुणे, आणि कंटेनमेंट झोन यांना नाही. म्हणजे आम्हाला नाही. आता तुम्हीच विचार करा, लोकांना घराबाहेर पडायला बंदी आणि पेपर घ्यायचा तर स्टॉलवर या. त्याच काळात व्हॉट्सॲपवर फिरत होतं की पेपरच्या कागदावर विषाणू अमुक तास जिवंत राहतो. तुम्ही पण पहिल्या पानावर छापत होता की पेपर सुरक्षित आहे, हात लागत नाहीत, मशीनवर छापतो वगैरे. पण ते वाचायला पेपर घरी यायला पाहिजे ना. आणि जे व्हॉट्सॲपवर घाबरले त्यांनाच व्हॉट्सॲपवर सकाळी सहाला अख्ख्या पेपरची पीडीएफ यायला लागली, फुकट. ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.

त्या दोन महिन्यांत मी भाजी विकली. नाशिककडच्या शेतकऱ्यांचे टेम्पो थेट यायचे, सोसायट्या आधी बुकिंग करायच्या. मला लाइन तोंडपाठ, कोणत्या घरात किती माणसं, कोण डायबेटिसवालं, कोणाकडे मुलं परदेशात, सगळं माहीत, त्यामुळे एका टेम्पोवाल्याने मला धरलं. कांदा-बटाट्याची पोती सायकलवर बांधून नेली मी. लोक गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायचे, मी त्यात भाजी टाकायचो, पैसे पिशवीतूनच यायचे, कधी नोटा धुतलेल्या, ओल्या. एका काकांनी पन्नासची नोट चक्क इस्त्री करून दिली होती, कडक. पिशवीत कधी चिठ्ठी असायची, बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप रिकामी, ही आणून द्याल का. दिल्या आणून. दुधाच्या पिशव्या नेल्या, एकांच्या कुत्र्याचं खाणं नेलं. ही काही समाजसेवा नव्हती, घर चालवायचं होतं. पण वरून कोणीतरी दोरी सोडतंय आणि खाली आपण उभे, आणि तेवढ्यात दोन शब्द बोलणं होतंय, सगळ्या दिवसात तेवढंच बोलणं असायचं काही काही जणांचं. एका आजींनी मला भाजीसाठी नाही तर गप्पांसाठी म्हणून पाव किलो पाव किलो करत चार वेळा पिशवी सोडायला लावली होती. वांगी होती. मला कळत होतं.

या आजी बी विंगच्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यांचं पुढे येईल.

मार्चच्या बिलाचं पण सांगतो, कारण माणसं बिलावरून कळतात. 22 दिवसांचं बिल लावलं मी. काहींनी त्यातही 22 तारीख का धरली म्हणून विचारलं, त्या दिवशी कर्फ्यू होता ना. पेपर वाचून झालेला होता त्यांचा. आणि एका रिटायर बँकवाल्या काकांनी गुगल पेवर तीन महिन्यांचं पूर्ण बिल पाठवलं, न मागता, एप्रिल-मे-जून, आणि खाली लिहिलं “पेपर नाही आला तरी पेपरवाला जेवतो”. तो मेसेज मी ठेवलाय.

7 जूनपासून घरोघरी टाकायला परत परवानगी मिळाली. त्या रविवारी मी पहाटे अडीचलाच उठलो, दाढी केली, बायको म्हणाली लग्नाला चाललात का. गठ्ठे हातात घेतले तर अंक हलका, पुरवणी नाही, पानं कमी, जाहिराती नाहीत. शाईचा वास मात्र तोच. पहिल्या सोसायटीत गेलो आणि गेटवर टेबल.

हेच ते टेबल साहेब. प्लॅस्टिकचं, पूर्वी गणपतीत प्रसादाला लावायचे ते. त्यावर सॅनिटायझरची बाटली, कोणी नेऊ नये म्हणून सुतळीने बांधलेली. मागे भिंतीवर नोटीस, की कामवाल्या, इस्त्रीवाला, केबलवाला, पेपरवाला, कुरियर यांना पुढील सूचनेपर्यंत आत प्रवेश नाही, आदेशावरून, सेक्रेटरी. मी वॉचमनला म्हटलं अरे मी, तो म्हणाला तुम्हीच काय, सेक्रेटरींच्या मेव्हण्याला पण परत पाठवलंय काल. हसलो दोघं, मास्कच्या आत. पुढच्या सोसायटीत टेबल. तिच्या पुढच्या सोसायटीत खुर्ची. जुन्या चाळी आणि दोन-चार मजल्यांच्या बिल्डिंगी सोडल्या तर सगळीकडे तेच.

मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं तेव्हा, हे स्पष्ट लिहितो. लोक घाबरलेले होते आणि घाबरायलाच पाहिजे होतं, मी पण घाबरलेलो होतो, रोज पहाटे डेपोवर चाळीस माणसांत जाऊन येणारा मी, मलाच कोणी वर येऊ द्यावं असं मला वाटत नव्हतं. जुलैत तर कल्याण-डोंबिवलीला 2 तारखेपासून परत कडक लॉकडाऊन लावला, पेशंट इतके वाढले होते. सावळाराम क्रीडा संकुलात कोविडचे बेड टाकलेले, इंदिरा चौकात मुंबईच्या बसला पहाटेपासून रांगा, कारण लोकल फक्त अत्यावश्यकवाल्यांना, आणि बाकीच्यांची नोकरी काय अत्यावश्यक नव्हती का त्यांच्या घरच्यांना. त्या रांगेत उभे असलेले माझे गिऱ्हाईक माझ्याकडूनच हातात पेपर घ्यायचे, आणि त्यांच्याच घरचा पेपर टेबलावर. घरात नेलेला पेपर कोणी उन्हात टाकायचं, कोणी इस्त्री फिरवायचं, एक काका तर चोवीस तास गॅलरीत ठेवून मग वाचायचे म्हणजे रोज कालचा पेपर. मी त्यांना म्हणायचो काका तुमच्यासाठी शिळाच आणतो, स्वस्तात देतो.

माझ्याकडे मार्चआधी सहाशेच्या वर पेपर होते. जूनमध्ये दोनशे दहा राहिले. पाच पोरं होती लाइनवर, कॉलेजची, दोन गावाला गेली ती परत आली नाहीत, एक पोरगा नंतर ऑनलाइन जेवण पोचवायच्या कामाला लागला. त्या पोराचं पण पुढे येईल.

आता 2021 चा एप्रिल. ते लिहायला मला जड जातं पण त्याशिवाय टेबलाचं कळणार नाही.

दुसरी लाट. रेमडेसिव्हिरसाठी लोक रांगा लावत होते, ऑक्सिजनचे बेड मिळत नव्हते, घरोघर बोटाला ते ऑक्सिमीटर लावून लोक आकडा बघत बसलेले, 94 आला की घरात धावपळ. 14 तारखेपासून ब्रेक द चेन, म्हणजे परत कडक निर्बंध. पेपर चालू होते या वेळी, आणि आतलं निधनाचं पान बघता बघता वाढलं. पुरवण्या घालताना आमचं लक्ष जायचंच, कोणीतरी ओळखीचा फोटो दिसायचा आणि हात थांबायचा. खाली लिहिलेलं असायचं, सद्य परिस्थितीमुळे कोणीही भेटायला येऊ नये, फोनवरून सांत्वन करावे.

आणि मला फोन यायचे. पेपरवाल्याला फोन येतो तो एक तर पेपर आला नाही म्हणून किंवा गावाला चाललोय आठ दिवस टाकू नका म्हणून. त्या महिन्यात फोन यायचे, “बाबांचा पेपर बंद करा.” एवढंच. मी विचारायचो नाही का म्हणून. पहिल्या दोन फोनला विचारलं होतं, गाव बदललं का, आणि पलीकडे नुसतंच शांत. मग नाही विचारलं. वहीत नावापुढे फुली मारायची आणि तारीख. त्या वहीचं एप्रिल-मेचं पान माझ्याकडे आहे, एकोणीस फुल्या आहेत त्यावर. सगळे कोरोनाचे नसतील, काहींचे हार्ट, काहींना दुसऱ्या कशासाठी बेड मिळाला नाही. बँकवाले काका त्यात आहेत, पेपर नाही आला तरी पेपरवाला जेवतो लिहिणारे. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती आणि तेवढी पण जमायची नाहीत, मी त्यांच्या बिल्डिंगखाली सायकल घेऊन उभा राहिलो तर ॲम्ब्युलन्स तिथे आलीच नाही, हॉस्पिटलमधून परस्पर नेलं होतं. सत्तावीस वर्षांत माझ्या गिऱ्हाइकांच्या किती लग्नांना जेवलोय, मुंजींना जेवलोय, आणि एकोणीस जणांमधल्या एकाला पण खांदा नाही.

बी विंगच्या आजींचे मिस्टर त्याच एप्रिलमध्ये गेले. दोघांचा लशीचा पहिला डोस झाला होता मार्चमध्ये. मुलगा अमेरिकेत, त्याने व्हिडिओ कॉलवर बघितलं. त्यांच्याकडे दोन पेपर जायचे, आजींचा वेगळा आणि काकांचा वेगळा, कारण दोघांना शब्दकोडं आधी सोडवायचं असायचं आणि त्यावरून भांडणं व्हायची म्हणून मीच एकदा गमतीत म्हटलं होतं दोन वेगळे घ्या. पंधरा दिवसांनी आजींचा फोन आला. मी वही काढली. त्या म्हणाल्या, “दोन्ही चालू ठेव हो. यांचं कोडं मी सोडवते.”

तर टेबल. लोकल हळूहळू सुरू झाल्या, दोन डोसवाल्यांना पास मिळायला लागले, 2022 च्या पाडव्याला सरकारने सगळेच निर्बंध उठवले, मास्क पण. फडके रोडवर परत ढोलताशे. कामवाल्या कधीच वर जायला लागल्या होत्या, त्यांच्याशिवाय चालत नाही ना, त्यांना तर सहा महिन्यांतच घेतलं होतं, आधी लिफ्ट वापरायची नाही या अटीवर. इस्त्रीवाला वर जातो. कुरियर वर जातो. पेपरवाला आणि दूधवाला खाली. कोणी ठरवलं नाही साहेब, नोटीस कोणी लावली होती ती कोणी काढलीच नाही, पावसाने शाई गेली, सेक्रेटरी बदलले, टेबल तिथेच. सॅनिटायझरची बाटली रिकामी होऊन सुकली तरी सुतळी तिथेच.

मघाशी म्हटलं तो पोरगा, जेवण पोचवणारा. परवा रात्री भेटला, म्हणाला काका मी तुमच्या त्या टॉवरमध्ये रोज जातो, गेटवरच्या ॲपवर ओके आलं की लिफ्टने थेट अठरावा मजला, रात्री एक वाजता बिर्याणी घेऊन. हाच पोरगा 2019 ला माझ्याकडे होता तेव्हा त्याच टॉवरमध्ये पेपर टाकायचा. पेपरवाला म्हणून आज आला तर त्याला टेबलाच्या पुढे सोडणार नाहीत.

आणि आता ते जे निम्मं बरोबर आहे ते. टेबलाने माझा फायदाच झाला. गुडघे गेलेत माझे, चार मजले चढायचे वाचले, पोरं मिळत नाहीत, एक माणूस आता दोन माणसांची लाइन टाकतो आणि साडेसहाला मोकळा होतो. म्हणून मी पण पहिली दोन वर्षं तोंड उघडलं नाही. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या वाचकांनी आळशी लिहिलंय ते मला लागलं ते म्हणूनच बहुतेक.

पण जिने चढताना एक काम व्हायचं जे बिलात लावलेलं नव्हतं. दाराच्या कडीत कालचा पेपर तसाच दिसला तर आम्ही बेल मारायचो. आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, माझ्या आधीच्या म्हाताऱ्या विक्रेत्यांपासून चालत आलेलं होतं, आजचा एकच राहिला तर झोपले असतील, कालचा धरून दोन राहिले तर बेल, बेलला उत्तर नाही तर शेजाऱ्यांना उठव. मी 2011 का 12 ला एका काकांना असंच काढलंय, बाथरूममध्ये पडलेले, खुबा मोडलेला, दीड दिवस. दार तोडलं शेजाऱ्यांनी. ते नंतर काठी घेऊन आठ वर्षं चालले आणि दर दिवाळीला मला पेढे. अशी प्रत्येक विक्रेत्याकडे एक तरी गोष्ट आहे, विचारा कोणालाही.

टेबलावर हे कळत नाही. टेबलावर पेपरची चळत असते, ज्याला जो पाहिजे तो उचलतो, कोणाचा राहिला कोणाचा गेला कोण बघतो, उरलेले वॉचमन संध्याकाळी बाजूला ठेवतो, महिन्याने रद्दीत. वॉचमनची पण चूक नाही, बारा तास ड्युटी, दर दोन महिन्यांनी एजन्सी माणूस बदलते, त्याला काय माहीत कोण आजी कुठल्या.

गेल्या वर्षी श्रावणात बी विंगच्या आजी घरात पडल्या. सोमवारी पहाटे कधीतरी, असं नंतर डॉक्टर म्हणाले. सोमवार, मंगळवार, बुधवार मी त्यांचे दोन दोन पेपर टेबलावर ठेवले. बुधवारी मला चळतीत सगळ्यात खाली ते दिसले पण, सोमवारचे, दोन्ही जोडीने, आणि माझ्या मनात आलं की आजी गावाला गेल्या असतील, सांगायचं विसरल्या. पुढच्या गेटला पोचायचं होतं. दुपारी अमेरिकेतून मुलाने शेजाऱ्यांना फोन केला तेव्हा दार उघडलं. होत्या जिवंत. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये काढले आणि गेल्या.

मी मंगळवारी वर गेलो असतो तर त्या वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही, वय चौऱ्याऐंशी होतं. पण मंगळवारी सकाळी सहाला बेल वाजली असती. आणि हा हिशोब मला दर मंगळवारी लागतो.

नंतर मुलगा आला, मला भेटला, बिल चुकतं केलं. त्याने मला आईच्या कपाटातला एक गठ्ठा दाखवला, शब्दकोड्यांची कात्रणं, एका पेपरची निळ्या पेनाने आणि दुसऱ्या पेपरची काळ्या पेनाने सोडवलेली. काका काळं पेन वापरायचे.

म्हणून मी यंदा माझ्या लाइनवरच्या सोसायट्यांना एक विनंती अर्ज दिला. सगळी घरं नकोत. मला पण सगळे जिने झेपणार नाहीत आणि टॉवरवाल्यांना नको असेल तर नको. ज्या घरात म्हातारी माणसं एकटी किंवा दोघंच राहतात तेवढ्या घरांचा पेपर दारात टाकू द्या, जादा पैसे नकोत. माझ्या वहीतून मी अशी घरं काढली, सात सोसायट्यांत मिळून एकतीस निघाली. एकतीस घरांसाठी मी जिने चढेन, गुडघ्याला पट्टा लावून चढेन. दोन सोसायट्यांनी लगेच हो म्हटलं, तिथे जुलैपासून जातोय. एका सोसायटीने पोलीस व्हेरिफिकेशन आणा सांगितलं, आणलं, मग म्हणाले ॲपवर रजिस्टर करा, केलं, मग म्हणाले पहाटे साडेपाचला रहिवासी ॲपवर ओके कसं देणार, ते झोपलेले असतात. बरोबर आहे, झोपलेले असतात. एका सेक्रेटरींनी मला शांतपणे समजावलं की आता सीसीटीव्ही आहेत, सिक्युरिटी आहे, सिनियर सिटीझन लोकांकडे मोबाईल आहेत. मी म्हटलं आजींच्या उशाशी मोबाईल होता साहेब, त्या पडल्या किचनमध्ये.

15 ऑक्टोबरला कलामसाहेबांच्या जयंतीला आमचा वृत्तपत्र विक्रेता दिन असतो, लहानपणी त्यांनी रामेश्वरमला पेपर टाकले होते म्हणून. त्या दिवशी मला या सोसायट्यांच्या ग्रुपवरूनच वीस-पंचवीस शुभेच्छा आल्या, गुलाबाची फुलं, हात जोडलेले, “ऊन वारा पावसात अविरत सेवा”, कोरोना योद्धा पण म्हटलंय एकाने. छान वाटलं. त्याच ग्रुपवर माझा अर्ज मार्चपासून पडून आहे, त्याला एक अंगठा आलाय.

पत्र लिहिणाऱ्या वाचकांना माझं सांगणं एवढंच, तुमची सोसायटी मला पत्त्यावरून कळली, माझ्याच लाइनवर आहे, नाव लिहीत नाही. तुमच्याकडे गेटवर निळं टेबल आहे. तुम्ही कमिटीला सांगा, मी दुसऱ्या दिवशीपासून तुमच्या दारात पेपर टाकतो, डिलिव्हरीचे पैसे पण घेत नाही तुमच्याकडून.

संपादक साहेब, एका सोसायटीची जनरल बॉडी येत्या रविवारी सकाळी दहाला आहे आणि सेक्रेटरींनी माझा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये घेतो म्हटलंय. हे पत्र छापणार असाल तर शनिवारच्या अंकात छापा, म्हणजे कात्रण काढून मला नोटीस बोर्डावर लावता येईल. रविवारच्या अंकात नको, रविवारी पुरवण्या जास्त असतात, दहाच्या आधी माझी लाइन संपत नाही.

आपला,
एक वृत्तपत्र विक्रेता,
डोंबिवली (पूर्व)